फुली मारायला अक्षर लागत नाही

आमच्या गावच्या शाळेतली सगळी मुलं चांगली वाचतात, असा कागद मी स्वतः घराघरात भरवून घेतलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांना बोलणार आहे, आणि बोलायचा मला हक्क आहे असंच मला वाटतं. पण त्या यादीत पहिलं माणूस मीच, हे विसरून चालायचं नाही.

झालं असं की कोल्हापुरातली एक संस्था आमच्या गावात आली. पालकांना शाळेशी जोडायचं, हे त्यांचं काम. दोघं यायची, एक मुलगी आणि एक मुलगा. शिकलेली, मनानं चांगली, पाणी दिलं तर पेला विसळून ठेवणारी. त्यांना गावातलं असं माणूस पाहिजे होतं ज्याला घराघरात चुलीपर्यंत जाता येतं. मी सापडले. माझं वय साठीच्या पुढं, लहानमोठे सगळे मला आक्का म्हणतात, आणि बोलायला मला कुणी शिकवावं लागत नाही. शाळा मात्र माझी दुसरीत सुटली. वाचायला शिकले ते लग्नानंतर, खताच्या पोत्यांवर आणि लग्नपत्रिकांवर. पत्रिका शिकायला बरी. निम्मी नावं ठाऊकच असतात, अक्षर अडलं तर पावणा आठवायचा.

त्यांनी पहिल्या दोन्ही बैठका सकाळी अकराला ठेवल्या. अकराला आमच्या बाया भांगलणीला, पिकातलं तण काढायला गेलेल्या असतात. आले कोण, तर दोन म्हातारे आणि शाळेच्या समितीचा अध्यक्ष, तोही मोबाइल कानाला लावून. त्या मुलीनं वहीत लिहिलं, 'पालक उदासीन.' मी शेजारीच होते, मी ते वाचलं. म्हटलं, "बाळ, उदासीन न्हाईत, रानात हायत. संध्याकाळी सहाला दूध संस्थेच्या दारात ये. गावातलं एक घर चुकायचं न्हाई." ती आली, आणि खरंच घराघरातली बाई हातात किटली घेऊन रांगेत उभी. तेव्हापासून तिनं माझं ऐकायला सुरुवात केली. इथवर माझी चूक नाही.

आमची अडचण एकच होती. दुसरी-तिसरीच्या बाई दिवाळीनंतर कामगिरीवर दुसऱ्या शाळेला पाठवल्या, त्या परत आल्याच नाहीत. ती दोन वर्गांची पोरं चौथीच्या वर्गात मागं बसवली. हेडसर चौथीला शिकवणार, आणि ही मागची पोरं 'वह्या काढा' म्हटलं की वह्या काढणार, 'वह्या ठेवा' म्हटलं की ठेवणार. दिवसभर एवढंच. आम्हाला बाई परत पाहिजे होत्या.

संस्थेची मुलगी म्हणाली, "काकी, नुसती मागणी करून होत नाही. पालकांनी मुलांचं वाचन स्वतः तपासलं पाहिजे. मग तुमच्या बोलण्याला वजन येतं."

तिनं तक्ते आणले. मुलानं पुस्तकातला धडा आईसमोर वाचायचा. नीट वाचला तर आईनं बरोबरची खूण करायची, नाही तर फुली. मी ते तक्ते घेऊन संध्याकाळी दारोदार फिरायला लागले.

आता ऐका. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक घर आहे. नवरा एमआयडीसीत पाळीला जातो, बायको दोन म्हशी सांभाळते. तिची एकुलती एक पोरगी तिसरीत. मी गेले तेव्हा ती गोठ्यात होती. म्हणाली, "आक्का, माझं हात शेणाचं हायत. तूच धर कागद." हे वाक्य मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलंय. कधी हात शेणाचे, कधी चष्मा घरी राहिलेला, कधी दिव्याला उजेड कमी. वाचता येत नसलेल्या बाईला एवढी कारणं पाठ असतात की ती लिहून काढली तर पुस्तक होईल.

पोरगी धडा वाचायला लागली. खणखणीत आवाज, कुठं अडत नाही. आई हात धुऊन दारात येऊन उभी राहिली. त्या पोरीचं पान संपलं. तिनं पान उलटलंच नाही, आणि पुढच्या पानावरचा धडा सुरू झाला. दोन वाक्यं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, मग तिनं हळूच पान उलटलं. धडा पाठ होता. गेल्या वर्षी तो शिकलेल्या चौथीतल्या कुणाच्या तरी तोंडून ऐकून केलेला.

मी ते बघितलं. पोरीनंही बघितलं की मी बघितलं.

आईला काही कळलं नाही. कळणार कसं? तिचं तोंड असं उजळलेलं की मला ते विझवायचं धाडस झालं नाही. तिनं विचारलं, "कुठं करू गं खूण?" मी बोट ठेवलं. म्हटलं, "हितं." तिनं खूण केली, वाकडी, पण बरोबरची. अशी मी गावभर बोटं ठेवत फिरले. निम्म्या घरांत हीच गत. सगळीकडं बरोबरच्या खुणा. मी स्वतःला म्हटलं, कशाला बायांची अब्रू काढा.

पंधरा दिवसांनी आम्ही पाचसहा जणी अर्ज घेऊन तालुक्याला गेलो. कोपऱ्यावरचीही होती. तिथल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी अर्ज वाचला, कपाटातून संस्थेनं पाठवलेले आमचेच तक्ते काढले आणि हसून म्हणाले, "तुमच्या गावाचं कौतुक केलं पाहिजे. शिक्षक कमी असताना सगळी मुलं वाचतात. पालकांनीच तपासलंय. मग बाई तिकडंच राहू देत की, तिकडं गरज जास्त आहे."

माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं परत आलो. फाट्यावर उतरल्यावर बाकीच्या पुढं गेल्या, कोपऱ्यावरची माझ्याबरोबर मागं राहिली.

"म्हंजी आक्का, पोरं चांगली वाचत्यात म्हणून आपल्याला बाई न्हाईत?"

"व्हय."

"मग माझ्या पोरीनं कमी वाचलं असतं तर बरं झालं असतं म्हणायचं." ती हसत होती.

मग मला सांगावंच लागलं. तुझी पोरगी वाचत नाही. तिला धडा पाठ आहे. पान उलटायचं विसरली होती.

ती रस्त्यात थांबली. "तुला तवाच ठावं हुतं?"

"हुतं."

"आन् तू माझ्या हातानं खूण करवून घेतलीस." तिनं आवाज चढवला नाही, चढवला असता तर परवडलं असतं. "मला येत न्हाई ते मला कळतं आक्का. तुला येतंय. तू वाचाय शिकलीस ती आमच्याच पोरांचं वाटोळं कराय व्हय?"

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्या चार दिवसांत मला जो राग आला तो आजतागायत उतरलेला नाही.

पहिला राग माझा माझ्यावर. दुसरा त्या संस्थेवर. मी त्या मुलीला बसवून विचारलं. ती म्हणाली, "पण काकी, खुणा तर आईंनीच केल्यात. तोच तर पालकांचा सहभाग."

मी म्हटलं, "पोरी, तोंड बांधून आमटीचं मीठ विचारतेस, आणि बाई मान हलवती तर त्याला सहभाग म्हणतेस? तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं का, की ह्या आयांना वाचता येतं का?"

तिचे डोळे भरले. मला दया आली, पण मी गप्प बसले नाही. दया करून एकदा काय झालं ते बघितलं होतं. तिच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, तक्ता बदलायचा तर वरून मंजुरी आणावी लागेल. म्हटलं आण, तोवर आमची पोरं पाचवीत जातील.

हेडसरांकडं गेले. ते एकटे माणूस दोन माणसांचं काम ओढत होते, त्यांची मला कीव होती. पण ते काय म्हणाले? "आक्का, आता उकरू नका. शाळेचं नाव खराब झालं की लोक पोरं काढून इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत घालतील. पट घसरला की आहे तो शिक्षकसुद्धा जाईल." त्यांचं खोटं नव्हतं. म्हणजे पोरं वाचतात म्हटलं तर बाई मिळत नाहीत, आणि वाचत नाहीत म्हटलं तर शाळाच जाते. कुणी केलं हे असं? ज्यानं केलं त्याची पोरं कुठल्या शाळेत आहेत, एवढं मला कुणी सांगावं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी दूध संस्थेत रांग लागली होती. कोपऱ्यावरची माझ्या पुढं चार माणसं सोडून उभी होती. तिनं किटली खाली ठेवली आणि मागं वळून, माझ्याकडं नाही, सगळ्या रांगेकडं बघून म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई. त्या कागदावर मी खूण केली ती अशीच केली. आणि कुणीकुणी केली?"

दूध मापणारा माप हातात धरून थांबला. मग एक म्हातारी म्हणाली, "मी बी. नातवाचं नाक गळत हुतं, मला वाटलं तेच विचारत्यात." त्यावर रांग हसली, आणि हसता हसता एकेकीचं तोंड उघडलं. मी बी. मी बी. एक बाप्या माणूससुद्धा म्हणाला, खाली मान घालून.

मग कोपऱ्यावरची माझ्याजवळ आली. म्हणाली, "आक्का, मी बोलते, तू लिव. माझी पोरगी लांब हुबी ऱ्हाऊ दे, तिला ऐकू येता कामा न्हाई. मग तिला वाचाय सांग. मी काय बोलले ते मला ठावं हाय की. ती चुकली तर मला कळंल."

एवढं साधं. त्या संस्थेला, तालुक्याला, मला, कुणालाच सुचलं नव्हतं.

तिनं सांगितलं, मी दूधवाल्याच्या वहीतल्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, 'काळ्या म्हशीनं आज लाथ मारली.' पोरीला बोलावलं. तिनं कागद हातात घेतला, सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात पुस्तकातला धडा म्हणायला लागली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आईनं तिकडं असं बघितलं की ते हसू तिथंच मेलं. तिनं पोरीच्या हातातला कागद घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुजी चूक न्हाई. तुला कुणी शिकवलंच न्हाई." मग माझ्याकडून पेन घेऊन त्या वाक्यापुढं फुली मारली. फुली मारायला अक्षर लागत नाही.

मग रांगच लागली. एकीनं सांगितलं, "लिव, माझा दादला घोरतो." तिच्या पोरानं ते 'घो', 'र', 'तो' असं तोडत तोडत वाचलं, आणि दादला रांगेतच उभा होता. "वाचतंय की गं ते," तो म्हणाला, "पण खोटं वाचतंय." त्या पोराला बरोबरची खूण मिळाली. तशा थोड्याच मिळाल्या. बाकी फुल्याच फुल्या. दूध मापणारा शेवटी ओरडला, "आवरा आता, टँकर यायचा हाय." पण शेवटचा कागद होईपर्यंत तोही थांबला. त्याचंही एक दुसरीत होतं.

ते कागद घेऊन आम्ही परत तालुक्याला गेलो. ह्या वेळी संस्थेची मुलगीही आली, वरच्यांना न विचारता. ते मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते. साहेबांनी कागद चाळले. 'माझा दादला घोरतो' वर त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. म्हणाले, "हा अधिकृत नमुना नाही."

कोपऱ्यावरची म्हणाली, "साहेब, मग तुमी बोला. कायबी बोला. आक्का लिवंल आन् माझी पोरगी हितं तुमच्या म्होरं वाचंल. बगा अधिकृत हाय का."

पोरगी आईच्या पदराला धरून उभी होती. घरून निघतानाच आईनं तिला सांगितलं होतं, आज तुला वाचायचं नाही, नुसतं उभं राहायचं. साहेबांनी पोरीकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझं पेन कागदावर टेकलेलं तसंच.

आठवड्यानं आदेश आला. बाई परत, पण आठवड्यातले तीनच दिवस. हेडसर पेढे आणू का म्हणाले. मी म्हटलं, "निम्म्या बाईचे निम्मे पेढे आणा." त्यांना लागलं असेल. लागू दे. संस्थेनं आपल्या पत्रकात ह्याला 'अभिनव उपक्रम' म्हटलं आणि रांगेचा फोटो छापला, हसणाऱ्या बायांचा. फुल्यांचा छापला नाही.

परवा कोपऱ्यावरची माझ्या दारात आली, पोरीला घेऊन. उरलेले तीन दिवस कुणाचे, असा अर्ज करायचा म्हणाली. ती बोलली, मी लिहिला. मग तिनं तो पोरीपुढं ठेवला. पोरगी बोट ठेवून वाचायला लागली, एकेक अक्षर, कपाळाला घाम. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत 'शिक्षक' शब्दावर अडली. दोनदा सुरू केलं, दोनदा थांबली. मी सांगणार होते, आईनं मला हातानं गप्प केलं.

"जितं आडली तितं फुली मार, आक्का," ती म्हणाली. "हितवर तीन दिवसांच्या बाईनं आणलंय. पुढचं तालुक्याच्या साहेबांनी द्यायचं."

मी फुली मारली. अर्ज तसाच दिला.