येवक नाय

मालवणात कुणाच्या घरचा टीव्ही बंद पडला की आधी शिव्या आणि मग फोन, दोन्ही तौकीरच्याच वाट्याला येतात. केबलच्या ऑफिसात काचेच्या तारा जोडाव्यात तर त्यानेच. केसाएवढी तार तो अशी जोडतो की जोड शोधून सापडू नये. एवढा तरबेज माणूस, पण चार वर्षं झाली, खांबावर चढत नाही. विचारलं तर गुडघा दुखतो म्हणतो. गुडघा ठणठणीत आहे.

हे काम त्याला शिकवलं थोरल्या भावाने, शाहनवाजने. तो पुण्याच्या कारखान्यात कपलर बनवायचा. कपलर म्हणजे विडीएवढी नळी. आत दोन काचेच्या तारा शेजारी शेजारी ठेवून ज्योतीवर वितळवायच्या आणि ओढून बारीक करायच्या. त्या बारीक मानेत एका तारेतला उजेड शेजारच्या तारेत उतरतो. गंमत अशी की सगळे रंग सारखे उतरत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे दोन रंग एकाच तारेतून येतात, एक टीव्हीचा, एक इंटरनेटचा. मान नेमकी तेवढीच ओढली असेल, तर टीव्हीचा पलीकडे जातो, इंटरनेटचा अलीकडे राहतो. झाले दोघे गाळून वेगळे. शाहनवाज म्हणायचा, "लय ओढलंस तर गेलेलो उजेड परत येता. थांबाचा खंय, ता कळाक होया."

गावी परतताना त्याने स्वतः ओढलेला एक कपलर आणला आणि कोळंबच्या खांबावर बसवला. तिथून मसुऱ्याकडे लाईन गेली.

जोड तपासायची दोघांची रीत ठरलेली. शाहनवाज कोळंबहून तारेत लाल दिवा सोडायचा. मालवणात तौकीरच्या हातातलं टोक लाल झालं की तो फोनवर म्हणायचा, "इलो," म्हणजे आला. नाही झालं तर म्हणायचा, "येवक नाय." बाकी बोलणं नाही. या दोन शब्दांवर भावाचा जेवढा भरवसा होता, तेवढा कुठल्या मशीनवर नव्हता.

चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात शाहनवाजने त्याला एकच जोड तीनदा तोडायला लावला, तोही चार गिऱ्हाइकांसमोर. हात अजून कच्चा आहे म्हणाला. चाळिशीच्या माणसाला हे झोंबणारच. त्याच दुपारी कोळंबच्या कपलरमधून येणाऱ्या पिवळ्या तारेचं टोक तौकीरच्या बोटांत मिरची पिकावी तसं लालभडक झालं. फोन कानाला होता. तौकीर म्हणाला, "येवक नाय."

मनात म्हटलं, चढूदे पुन्हा. घामाघूम होऊदे जरा.

खांब पावसाने निसरडा झाला होता. शाहनवाजने फोन ठेवला. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा आला, त्यात आधी धाप ऐकू आली, मग काहीच नाही.

लोक म्हणाले, पाय घसरून गेला. तौकीरनेही तेच सांगितलं. पिवळी तार त्याने ऑफिसच्या पेटीत गुंडाळून ठेवली. कोळंबहून तिच्यात आता कुणी दिवा सोडत नव्हतं.

आणि यंदा श्रावणात, भरदुपारी, ती तार लाल झाली.

 तौकीर पेटी उघडी टाकून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग तर जेवतानाही त्याला ते लाल टोक दिसायला लागलं. शेवटी धीर करून त्याने चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. नवीन लागलेली रिया कोळंबला शेजारच्या तारेत दिवा सोडून बिघाड शोधत होती. कपलर टीव्ही आणि इंटरनेट गाळायला बनवलेला. लाल रंग त्याच्या गणितातच नव्हता. तो मानेतून थोडा इकडे, थोडा तिकडे फुटायचा आणि पिवळ्या तारेत उतरायचा. भूत नाही, काही नाही. काच आणि उजेड.

कारण कळलं, पण भीती गेली नाही. दिवा रियाचा होता. मान भावाने ओढलेली होती. तिथून येणारा उजेड रोज तोच प्रश्न विचारत होता आणि उत्तर तौकीरलाच द्यायचं होतं.

शुक्रवारी तो भावजयीकडे गेला. नूरबानो विळीवर तिसऱ्यांचे शिंपले कापत बसली होती. त्याने उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं. उजेड आला होता, मी खोटं बोललो. सांगताना तो लहान पोरासारखा रडला.

नूरबानोचा हात थांबला नाही.

"तेंका म्हायती होता," ती म्हणाली. "चढाच्या आधी माका फोन केल्यानी. म्हणाले, उजेड पोचलो आसा, तौकीरचो आवाज माका कळता. रागावलो आसा. एकदा चढतंय, तेचो राग जायत."

तौकीर खालीच बसला.

"तू कधी सांगतंस, तेची चार वर्षां वाट बघलंय," ती म्हणाली आणि तिसऱ्यांचं ताट घेऊन आत गेली. त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

सोमवारी मालक विनीतने सांगितलं, तो जुना कपलर काढून नवीन बसवूया. तौकीर हो म्हणाला. मीच चढतो, म्हणाला. निघण्याआधी त्याने पेटी उघडली. पिवळ्या तारेचं टोक लाल झालेलं होतं.

त्याने फोन कानाला लावला. कुणालाही न लावलेला, नुसताच.

"इलो, भाई," तो म्हणाला. "उतर आता."