मामाला ‘सँपल’ का म्हणतात

माझ्या मेव्हण्याला, म्हणजे चिचगडच्या बळीरामला, आमच्या घरात सगळे ‘सँपल मामा’ म्हणतात. हे नाव कसं पडलं ते खरं सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आता गुडघे गेले, दात गेले. लाज तेवढी शिल्लक आहे, तीही घालवून टाकतो.

मुलाला तेव्हा नागपूरच्या एका बिल्डर कंपनीचे शेअर घ्यायचे होते. “बाबा, आधी कंपनीवर कर्ज किती, फ्लॅट विकले किती, ते पाहावं लागते.” मला हसू आलं. मी गोंदियात जन्मभर तांदळाची दलाली केली. पोत्यात परखी खुपसून मूठभर दाणे बाहेर काढले की मला मिलमालकाची कुंडली कळायची! (त्यातले काही मला बुडवून गेले, ती गोष्ट वेगळी.)

“कागद कायले पाहतो? माल पाहू!” म्हणालो आणि साक्षीला बळीरामला घेऊन नागपूर गाठलं. उतरल्याबरोबर तर्री-पोहे हाणले. तर्री पुन्हा मागून घेतली.

कंपनीच्या मुलीने सँपल फ्लॅट उघडून दिला. मी तपासणी सुरू केली. टीव्ही ठोकून पाहिला: पुठ्ठ्याचा! सफरचंद चावून पाहिलं: प्लास्टिकचं! “पोकळ कंपनी,” मी निकाल दिला. एवढ्यात तर्रीने हाक मारली.

संडास चकाचक होता. बसलो. उठलो. फ्लशचं बटण दाबलं, ते हातात आलं. नळ फिरवला, आत नुसती हवा!

“भाऊजी, अंदर काय करून राहिले जी?” बाहेरून बळीराम.

“तपासणी!”

“अजी, तो दिखाव्याचा संडास आहे! त्याले पाइपच नाही!”

मी बाहेर आलो, तोच ती मुलगी आली. नाकाला ओढणी लावून म्हणाली, “सर! ये किसने किया?”

मी फक्त बळीरामकडे पाहिलं. (पाहायला काय, कोणाकडेही पाहता येतं!) मग तिनेही पाहिलं. बळीराम मान खाली घालून म्हणाला, “बाल्टी द्या जी, ताई.”

घरी आल्यावर मुलाने विचारलं, “कर्ज किती निघालं?”

“विचारणारच होतो रे! पण तुझ्या मामाने सँपल फ्लॅटमध्ये...”

घर हसून लोळलं. शेअर राहून गेला. पुढे तो दुप्पट झाला, त्याचंही खापर मामावरच! आता बळीरामचे नातूसुद्धा त्याला ‘सँपल आबा’ म्हणतात. तो हसतो. मला ते हसणंच बघवत नाही.

परवा माफी मागायला चिचगडला गेलो. बसमध्ये वाक्यं घोकली. बळीराम अंगणात मोहफुलं वाळवत होता.

“या जी भाऊजी! एवढ्या उन्हात काऊन आले?”

मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं: “बळीराम... संडास कुठे आहे?”

त्याने उठून बादली भरली आणि माझ्या हातात दिली.

“बिनधास्त बसा जी. याले पाइप आहे.”

गेलो. बराच वेळ बसलो. माफी काही बाहेर आली नाही.