शफीभाऊचं उभं राहणं

मोहर्लीच्या रस्त्यावर शफीभाऊनं हात न लावता अस्वल आडवं केलं, ही गोष्ट अख्ख्या चंद्रपुरात फिरली होती. फिरवणाऱ्यांनी तर त्या अस्वलाला उठून सलामही ठोकायला लावला होता. खरं एवढंच, की अस्वल दिसलं आणि शफीभाऊ पळाला. एक चप्पल तिथंच राहिली, आणि चपलांचं दुकान असलेला माणूस एका चपलेवर घरी आला. कोणी छेडलं की तो भडकायचा, "पळालो मी! पळाले पाय पाह्यजे ना बे, का तोंडानं पळशीन?"

तसा तो कशावरही भडकायचा. तरुणपणी तो कलकत्त्याला चामड्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या म्हाताऱ्या चिनी मालकानं त्याला ताई-ची ही चिनी युद्धकला शिकवली. गावातले पोट्टे "कोणाच्या ताईची, भाऊ?" असं विचारायचे आणि शिव्या खायचे. सकाळी रामाळा तलावाजवळच्या मैदानात तो आम्हाला शिकवायचा. शिकवायचा म्हणजे उभं करायचा. गुडघे जरासे वाकलेले, हात मोहाच्या बुंध्याला मिठी मारल्यासारखे, आणि बस्स, उभं. मांड्या थरथरायच्या. नाकावर माशी बसायची, तिला तिथंच राहू द्यायचं. मी मात्र मैदानात सगळ्यांच्या नकला करायचो, शफीभाऊचाही आवाज हुबेहूब काढायचो.

"भाऊ, चाकू आला तर काय करायचं?"

"पळायचं."

"अन् पळता नाई आलं तर?"

"हवा आली का डुलतं, अन् चाकूच्या गोष्टी करून राह्यला! उभा राह्य आधी!"

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचा भाचा अकरम फुटला. मामाकडं वर्षानुवर्षं नुसता उभा राहून तो विटला होता. त्यानं बाजारात, एका गोदामाच्या माडीवर स्वतःचा क्लास काढला. मनगट धरलं तर हा डाव, केस धरले तर तो डाव. आमच्यातले निम्मे तिकडं गेले. नंदिनीही गेली.

नंदिनी आयटीआयला वायरमनचं शिकत होती. वाटेवरच्या पानठेल्यावर एक जण रोज तिच्या सायकलीला आडवा यायचा. जाताना ती शफीभाऊला तोंडावर सांगून गेली, "भाऊ, तुमचं झाड वाढाले वर्षं लागतात. तो माणूस आजच उभा आहे तिथी."

त्या दिवशी शफीभाऊच्या दुकानात जे गिऱ्हाईक आलं, ते चपलेबरोबर शिव्याही घेऊन गेलं.

आणि एक दिवस त्या माणसानं नंदिनीचं मनगट धरलंच. अकरमनं शिकवलेला डाव उजव्या हाताचा होता. यानं धरला डावा. ती उलटसुलट आठवत राहिली, हात झटकला, पाय घसरला आणि नालीत पडली. ठेल्यावरचे खिदळले. घरी तिचे वडील देवाजी यांनी निकाल दिला, "आयटीआय बंद."

दुसऱ्या दिवशी ती गुडघ्याला पट्टी बांधून मैदानात आली आणि आम्हा सगळ्यांवर तुटून पडली. "हात धरला त्यानं, अन् घरी बसायचं मी? त्याले काऊन कोणी घरी बसवत नाई?"

शफीभाऊनं तोंड उघडलं, "मी म्हणतच होतो का..."

"तुम्ही काई म्हणू नका, भाऊ! अकरमनं निदान हात तरी हलवाले शिकवला. तुम्ही नुसतं उभं केलं. उभं राहून करायचं काय, ते कोण सांगीन? तुमचा चिनी म्हातारा येईन का सांगाले?"

चिनी म्हाताऱ्याचं नाव असं कोणी घेतलं नव्हतं. शफीभाऊच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता हिला हाकलतो, असं वाटलं. पण त्यानं पुढं होऊन तिचं मनगट पकडलं, तेही डावं.

"सोडवू नको. तो हात दिला त्याले, समजलं? भांडू नको हाताशी. उभी राहतेस तशी उभी राह्य. आता कमरेनं बस. अन् वळ."

ती वळली. शफीभाऊ दोन पावलं फरफटला आणि त्यावरही भडकला, "हळू! हाडं आहेत माझी, वायर नाई!"

पुन्हा धरलं, पुन्हा वळली. अकरमला वर्षानुवर्षं जे सांगितलं नाही, ते तो तिला ओरडून ओरडून सांगत होता. तेवढ्यात देवाजी सायकलवर आले. आरा मशीनवर सागवानाचे ओंडके ओढणारा माणूस, मनगटं पाहूनच घाम फुटावा.

मी शफीभाऊच्या कानाशी लागलो, "नेलीच समजा."

"नाई नेत."

"लावता शर्त?"

"लाव. हरला तर महिनाभर मैदानात तोंड बंद. माझा आवाज काढायचा नाई, कोणाचाच काढायचा नाई."

देवाजींनी सायकल टाकली आणि लेकीचं मनगट धरलं. "चाल घरी."

नंदिनीनं ना हात झटकला, ना ती वळली. फक्त उभी राहिली. देवाजींनी ओढलं. पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या, आणि घसरली ती त्यांचीच चप्पल.

"ओढा, बाबा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज चढलेला. "मी कुठी चुकली ते सांगा, अन् मंग ओढा."

देवाजींना धाप लागली. मग त्यांचा हात सैल पडला. त्यांनी सायकल उचलली, हँडल सरळ केलं आणि लेकीवरच खेकसले, "आयटीआयची वेळ झाली ना? मंग इथी काऊन उभी आहेस? अन् तो ठेला कुठी आहे, तेवढा दाखव मले."

दोघं सायकली हाणत निघाले.

मी वळलो. देवाजींचा तो खेकसणारा आवाज घशात अगदी तयार होता. शफीभाऊनं ओठांवर बोट ठेवलं.