तांब्या, पेला आणि फोल्डिंगच्या सायकली

भूकंपानंतर आमच्या भागात घरोघरी एक रीत पडली होती. झोपताना उशाशी पेला पालथा घालायचा आणि त्यावर तांब्या ठेवायचा. जमीन हलली की तांब्या खणकन पडणार आणि माणसं बाहेर पळणार. हळूहळू लोक विसरले, तांबे पुन्हा माठाजवळ गेले. माझे वडील, अण्णा, विसरले नाहीत. ते शिक्षक होते आणि त्यांची शाळा औशापलीकडच्या एका खेड्यात होती. भूकंपाच्या सकाळी ते तिकडे धावले ते बऱ्याच दिवसांनी घरी आले, आणि तिथे काय पाहिलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

तेव्हापासून स्लॅबखाली त्यांना झोप नव्हती. त्यांची खाट अंगणात असायची. पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. उदगीर, लोहा, नायगाव, कुठून कुठून पोरं शिकायला येऊ लागली. आमच्या अंगणात त्यांच्यासाठी खोल्या उठल्या, मग गच्चीवर पत्र्याच्या. मी स्वतःच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते, तक्रार कोणत्या तोंडानं करणार? अण्णांची खाट शेवटी घरात आली. भूकंपाच्या वेळेला, पहाटेच्या अंधारात, त्यांना रोज जाग यायची. मग उजाडेपर्यंत ते तांब्याकडे बघत बसायचे. माणूस झोपेवाचून वाळत चालला होता आणि मला त्याची भीती वाटू लागली होती.

म्हणून मी ठरवलं, सुटी आली की अण्णांना घेऊन कुठेतरी उघड्यावर मुक्काम करायचा. तंबू आणला. आई म्हणाली, भूकंपात फुकटच्या तंबूत राहायला लोक रडत होते आणि तुम्ही बापलेक विकत घेऊन राहणार. गाडी आमच्याकडे नव्हती. रेल्वेत नेता येतील आणि घरी पलंगाखाली मावतील अशा फोल्डिंगच्या सायकली हव्या होत्या, त्याही आमच्या खिशाला झेपतील अशा. त्यासाठी आम्ही नांदेडला गेलो.

दुकानदारानं एक गठ्ठा पुढे ठेवला, दोन खटके ओढले, आणि बघता बघता तिथे चक्क सायकल उभी राहिली. त्यानं ती पुन्हा मिटवली, मी पुन्हा उघडायला लावली. गिअर, वजन, चाकाचा आकार असं सगळं मी विचारत होते. अण्णांना त्यातलं काहीच नको होतं. आत्याकडे मुक्काम होता म्हणून तांब्या-पेला पिशवीत होताच. तो त्यांनी काढला, मिटलेल्या सायकलीच्या कॅरिअरवर पालथा पेला, पेल्यावर तांब्या असा रचला, आणि सायकल हातानं हलकेच हलवली.

“मिटल्यावर जी नीट उभी ऱ्हात न्हाई, ती वाटंत बी पाडणार,” ते म्हणाले.

देखण्या, हलक्या सायकलींवरून तांब्या घरंगळला. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. टिकला तो सगळ्यात जड, बिनगिअरच्या, ओबडधोबड सायकलीवर. तशाच दोन घेतल्या, आणि स्वस्तही त्याच निघाल्या.

पुढच्या सुटीत उदगीरच्या गाडीत आम्ही त्या सीटखाली सरकवल्या. स्टेशनबाहेर उघडल्यावर रिक्षावाले गोळा झाले, आणि अण्णांनी त्यांना खटके असे समजावले जणू वर्गात शिकवतायत. तिथून ओळखीच्यांच्या शेतापर्यंत ते माझ्या पुढेच होते. तळ्याकाठी तंबू ठोकला. दिवस मावळला तसं आभाळ इतकं मोठं होत गेलं की मी मान वर करून बघतच बसले. गच्चीवर पत्रे चढल्यापासून एवढं आभाळ मी पाहिलंच नव्हतं.

अण्णांनी सतरंजी तंबूबाहेर टाकली. उशाशी सायकल मिटून ठेवली आणि कॅरिअरवर तांब्या रचला. तळ्यावरून वारा आला आणि तो खणकन पडला. मी तंबूतून डोकं बाहेर काढलं. अण्णा उठून बसले, वर बघितलं, चारी बाजूंना बघितलं.

“पडू दे,” ते म्हणाले. “हितं अंगावर पडायला हाय काय?”

आणि आडवे झाले.

मला जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. तळ्यावर पाखरांचा नुसता गलका चालला होता. ऊन अण्णांच्या तोंडावर आलं होतं आणि ते गाढ झोपलेले होते. मी लहानपणापासून त्यांना उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्या झोपेसमोर मी हात जोडून बसले. चहा ठेवायचा होता, पण भांड्याचा आवाज होईल म्हणून उठले नाही.

जागे झाले तेव्हा ऊन बघून ते दचकले. का उठवलं नाहीस म्हणून माझ्यावर जरा चिडले. मग गवतात पडलेला पेला उचलला, धोतराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

“पाणी दे यात,” ते म्हणाले.

त्या पेल्यातून आमच्या घरात भूकंपानंतर कोणी पाणी प्यायलं नव्हतं.