जपानी दुकानातली उलटी घडी

भूत-प्रेत, करणी, अंगात येणं… असल्या विषयांत आमच्या घरी माझी जागा ठरलेली आहे — हसणाऱ्यांच्या बाजूला. कुणी रंगात येऊन किस्सा सांगायला लागलं की मी मध्येच "मग त्या भुतानं चहा घेतला की नाही?" असं विचारून त्याची सगळी हवा काढतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हीही मला काहीतरी असंच विचाराल. खुशाल विचारा.

आम्ही रायपूरचे. किती पिढ्यांपासून, ते आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. बूढ़ापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत घर आहे. वरच्या मजल्यावर माझे थोरले भाऊ — दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी रेवा. खाली मी, एकटा. माझं लग्न झालं नाही. मुलीवाले पहिल्याच भेटीत माल ओळखून उठून जायचे. पंडरीला, इथल्या कापडबाजारात, आमचं साड्यांचं दुकान आहे. आधी दादा बघायचे, कॉलेज संपल्यावर मीही तिथेच जाऊन बसलो. बसलो हाच शब्द बरोबर आहे. काम दादाच करायचे.

दादांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वाकत नसे. लग्नाच्या आधी कधीतरी ते दुकानाच्या शटरमध्ये सापडलं, ते कायमचं ताठ झालं. त्यामुळे त्यांची साडीची घडी सगळ्या बाजाराहून वेगळी. साडीचं एक टोक हनुवटीखाली धरायचं, मनगटावरून एक झटका द्यायचा, ते बोट तेवढ्या वेळ हवेत ताठ — जणू कुणाला रस्ता दाखवून राहिले — मग साडीवर दोन हलक्या थापा. या सगळ्या खटाटोपात घडी उलटी पडायची. काठ आत! आता साडीच्या धंद्यात काठ बाहेर दिसला पाहिजे, हे शेंबडं पोरही सांगेल. गिऱ्हाईक विचारायचं, "भैया, बॉर्डर कहाँ है?" दादा शांतपणे म्हणायचे, "अंदर है, दीदी. अच्छी चीज़ अंदर ही रहती है." गिऱ्हाईक गेलं की मी त्या घड्या उलगडून पुन्हा घालायचो. कधी चार लोक बसले असले की दादांच्या घडीची हुबेहूब नक्कलही करून दाखवायचो. दादा सगळ्यांत जास्त हसायचे.

आता ॲनिमेकडे येतो. दचकू नका, संबंध आहे.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, दादा घरी. रेवा तेव्हा शाळेत होती आणि दिवसभर जपानी कार्टून बघायची. (कार्टून म्हटलेलं तिला आवडत नाही. ॲनिमे म्हणायचं.) दादा कंटाळून तिच्या शेजारी बसले, ते बसलेच. जपानात म्हणे दर तीन महिन्यांनी नव्या मालिकांची खेप येते, आपल्याकडे लगनसराईचा माल येतो तशी. त्यालाच सीझन म्हणतात. मग या बापलेकींचा नियमच झाला. नवा सीझन आला की प्रत्येक मालिकेचा पहिला भाग बघायचा आणि कोणती धरायची, कोणती सोडायची ते ठरवायचं. दादा हातात कांदा आणि बासीचा — रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताचा — वाडगा घेऊन बसत. आणि निकाल देत तो अस्सल पंडरीच्या भाषेत.

"पोत चांगला आहे, पण एका धुण्यात रंग जाईन."

"हे पोट्टं पहिल्याच भागात काहून रडून राहिलं? सगळी साडी दारातच उलगडून टाकली यांनी!"

"हे धर. याचा काठ आत आहे."

शेवटचा शेरा म्हणजे सर्वांत मोठं बक्षीस. रेवा हे सगळं हिंदीत करून 'पापा का फर्स्ट इम्प्रेशन' म्हणून नेटवर टाकायची. कुठली कुठली पोरं दादांच्या निकालाची वाट बघायची. मला मात्र त्यातलं काही कळायचं नाही. मी येताजाता डोकावून "हा निळ्या केसांचा मघाशी मेला ना?" असं विचारायचो, आणि दोघंही मला हाकलून द्यायचे.

या हिवाळ्यात दादा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत… असो.

रेवा रडली नाही, हेच वाईट. कॉलेजला जायची, यायची, जेवायची. तिला मराठी सगळी समजते, पण उत्तर कायम हिंदीत. आमच्याकडच्या बहुतेक पोरांचं तसंच आहे. आता ती हिंदीही "हाँ" आणि "नहीं" एवढ्यावर आली. एप्रिल लागला तशा एक दिवस वहिनी खाली आल्या.

"भाऊजी, तो नवा सीझन आला म्हणते. तिचा फोन दिवसभर टिंगटिंग वाजून राहिला. पोरं विचारून राहिले, पापा क्या बोले. अन् ही उघडूनसुद्धा पाहत नाही."

"पाहीन ती हळूहळू."

"नाही. हे सोडलं न तिनं, तर मग ती काहीच धरणार नाही. मी ओळखतो माझ्या पोट्टीले. तुम्ही बसा न तिच्यापाशी."

"मी? मले त्यातलं काय समजते?"

"त्यांले तरी काय समजत होतं?" असं म्हणून वहिनी पदर डोळ्याला लावत वर गेल्या.

दुकानाची सुट्टी होती त्या दुपारी मी वर गेलो. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली, आत कूलरचा खडखडाट आणि ओल्या खसचा वास. मी आपणहून टीव्ही लावला आणि म्हटलं, "चल, दाखव. काय माल आला यंदा?"

"मन नहीं है, काका."

"मग माझ्यासाठी लाव. म्हाताऱ्याची दुपार जात नाही."

तिनं केवळ माझी कटकट थांबावी म्हणून पहिली मालिका लावली. सुरुवातीलाच एक नोकरदार माणूस रस्ता ओलांडतो, ट्रकखाली मरतो, आणि दुसऱ्या जगात राजवाड्यात डोळे उघडतो! मी जागच्या जागी गारठलो. म्हटलं, आजच हे यायचं होतं? रेवा थंडपणे म्हणाली, "घबराओ मत. आधे शो ऐसे ही होते हैं." मी म्हटलं, "मग जपानात रस्ता कुणी ओलांडतच नसेल." तिच्या ओठाचा कोपरा हलला. वहिनींनी स्वयंपाकघरातून हळूच डोकावून पाहिलं.

दुसऱ्या मालिकेत शाळेतल्या मुली क्लब काढून डोंगरावर स्वयंपाक करत होत्या. मी निकाल दिला, "चांगलं आहे."

"ये कोई रिव्यू है, काका?"

खरंच नव्हता. दादांची जागा भरायला गेलो होतो आणि बसायचो तसा नुसता बसलो होतो. तिनं रिमोट उचलला, आता बंदच करणार होती. मी म्हटलं, "एक आणखी. मग जातो."

तिसरी मालिका अगदी संथ. एक मुलगी शहर सोडून तळ्याकाठच्या लहानशा गावी परत येते. गावच्या कापड-दुकानात जुन्या मैत्रिणीशी तिचं काहीतरी बोलणं चालू असतं. मी वाचायच्या आत खालची अक्षरं पळत होती, म्हणून मी मागचं दुकान बघत बसलो. धंद्याची सवय. मागे एक म्हातारा दुकानदार होता. कथेशी त्याचा काही संबंध नाही, नुसता मागे. त्यानं कापडाचं टोक हनुवटीखाली धरलं. मनगटावरून झटका दिला. डाव्या हाताचं एक बोट ताठ. दोन थापा.



मी रेवाकडे पाहायचं टाळलं. म्हटलं, गरमी आहे, वय झालं, भावाची आठवण आहे. डोकं दाखवतं माणसाला. तेवढ्यात तिनं टीव्ही थांबवला.

"काका, आपने देखा?"

"काय?"

"पहले आप बताओ."

आता इथे मला आयुष्यात पहिल्यांदा एक शहाणपणाची गोष्ट सुचली. मी म्हटलं, "कुणीच सांगायचं नाही. एकानं सांगितलं की दुसऱ्याले तेच दिसल्यासारखं वाटते. जे पाहिलं ते करून दाखवू." तिनं तिची पिवळी ओढणी घेतली, मी खुर्चीवरचा टॉवेल. एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो. एक पन्नाशी उलटलेला माणूस आणि एक कॉलेजातली मुलगी, भर दुपारी, भिंतीकडे तोंड करून कापडाची घडी घालत आहेत… तेव्हाही मला त्यात हसू आलं होतं.

वहिनी पन्ह्याचे पेले घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"हे काय करून राहिले तुम्ही दोघं?" आणि मग एकदम हलक्या आवाजात, "ही यांची घडी आहे."

आम्ही वळलो. हनुवटी, झटका, थापा… दोघांच्याही हातात तीच उलटी घडी. माझं सोडा, मी वर्षानुवर्षं नकला केल्या होत्या. पण रेवा? दादांनी तिला ती शिकवायचा किती प्रयत्न केला होता! दरवेळी मनगटाच्या झटक्याला कापड तिच्या गळ्यात यायचं आणि दोघं हसत सुटायचे. त्या दुपारी तिची घडी एका दमात पडली होती.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला, दोन्ही घड्या हातात घेतल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा कोपरा बाहेर राहिला."

"कोणता कोपरा?"

त्यांनी रेवाची ओढणी दाखवली. शेवटचा कोपरा आतल्या पदरात घट्ट खोचलेला होता. मी तो कधी पाहिलाच नव्हता.

"असा खोचायचे ते. माझं लग्न झालं तेव्हा. म्हणजे घडी सुटत नाही म्हणत. मग दुकानात प्लास्टिकच्या पन्न्या आल्या, गरज राहिली नाही, सोडून देलं. तुम्ही तेव्हा कॉलेजात होते." मग रेवाकडे वळून, "तुले कोणं दाखवलं? तू तर झालीबी नव्हती."

रेवानं टीव्हीकडे बोट केलं. "उसने किया न. लास्ट में."

माझं सगळं लक्ष त्या ताठ बोटावर होतं. शेवटचं मी पाहिलंच नव्हतं.

अर्थात आम्ही ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. त्या दोन मैत्रिणी, तेच दुकान, तोच म्हातारा. दोन्ही हात अंगरख्याच्या बाह्यांत घालून तो स्वस्थ बसलेला. हातात कापड नाही. शेवटपर्यंत नाही. रेवाच्या फोनवर पाहिलं. माझ्या फोनवर पाहिलं. तो आपला बसलेलाच.

मी स्वतःच्या समजुतीसाठी बरंच काही जुळवून पाहिलं आहे. दोघांना एकाच माणसाची आठवण, म्हणून दोघांना एकच भास. चला, मान्य. इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं एके दिवशी हातात उतरतं, हेही मान्य. पण तो कोपरा? वहिनींच्या मते तिनं लहानपणी कपाटात एखादी जुनी घडी पाहिली असेल. असेलही. आम्ही कपाट शोधलं. मिळाली नाही. म्हणून नसेलच, असंही मी म्हणत नाही.

त्या दिवशी रेवा आईच्या मांडीत डोकं घालून रडली. किती वेळ, ते माहीत नाही. मी पन्हं पिऊन खाली निघून आलो.

संध्याकाळी जिन्यावरून जाताना तिच्या खोलीतून आवाज आला. ती फोनसमोर बोलत होती. आधी हिंदीत सांगितलं, की पापा आता राहिले नाहीत. मग थोडं थांबून चक्क मराठीत: "पहिल्या दोनचा रंग जाईन. तिसरी धरा. याचा काठ आत आहे." मी जिन्यातच बसून राहिलो.

ती मालिका आम्ही तिघांनी शेवटपर्यंत पाहिली. म्हातारा नंतर एक-दोनदा दिसला, नुसता बसलेला. रेवानं ती घडी त्यानंतर खूपदा करून पाहिली. दरवेळी कापड गळ्यात. आता ती त्यावर हसते.

ती पिवळी ओढणी मात्र अजून तशीच आहे, टीव्हीशेजारी, घडी न मोडलेली. तिची सगळ्यात आवडती. परवा नवा सीझन सुरू झाला, आम्ही पहिला भाग लावून बसलो होतो, तेव्हा मी सहज म्हटलं, "वापर न वं, चांगली ओढणी आहे."

"उघडली तर परत कोण घालून देईन, काका?"

मला ती घडी येते. आता वहिनींनी दाखवल्यापासून कोपऱ्यासकट येते. पण "मी देतो" असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. मी आपला पडद्यावरच्या मागच्या दुकानांकडे बघत बसलो.