तळहातावरचा हरभरा

शाळेतल्या मुलांना योगातून शांत करायचं प्रशिक्षण घेऊन मी घरी आले, तेव्हा सगळ्यात जास्त हसले ते माझे सासरे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. "तू शिकवणार शांती?" एवढंच म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत पुन्हा हसले. त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या नाकावर राग असतो हे लातुरातल्या आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे. भाजीवाली माझ्यासमोर सडका टोमॅटो स्वतःहून बाजूला काढते.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, चाकूर तालुक्यातल्या एका गावात. लातूरहून रोज एसटीने जाते-येते. तिसरीचा वर्ग माझ्याकडे. प्रशिक्षण तालुक्याला एका दिवसाचं होतं. पांढऱ्या कपड्यातला एक तरुण शिक्षक आला होता. मुलांना राग का आला ते सांगता येत नाही, पण श्वास जोरात चाललाय एवढं कळतं, तिथून सुरुवात करा, असं तो म्हणाला. मला ते पटलं. बालासन, भ्रामरी आणि शेवटी डोळे मिटून शवासन, असा क्रम त्याने लिहून दिला.

भ्रामरी मुलांना फारच आवडली. कानात बोटं घालून चाळीस मुलं गुणगुणायला लागली, तशी शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहिली. खरं सांगायचं तर मला गुण दिसला. मधल्या सुट्टीनंतर येणारी भांडणं कमी झाली. ज्याला त्याला मारणारी दोन-तीन मुलं गुणगुणून झाल्यावर मवाळ पडायची. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

फक्त एक मुलगी डोळे मिटत नव्हती.

आठ वर्षांची, हडकुळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. आजीजवळ राहायची. राग आला की ती चावायची. वह्या फाडायची, पाटी भिरकवायची, पण मुख्यतः चावायची. दोन पालक तक्रार घेऊन आले होते आणि मुख्याध्यापक सर मला म्हणाले होते, "अजून एक तक्रार आली तर आजीला बोलावून सांगू, हिला निवासी शाळेत घाला म्हणून." ते चिडून बोलले नव्हते, पण त्यांनी ठरवलं होतं.

शवासनात सगळा वर्ग सतरंजीवर आडवा व्हायचा आणि ही कोपरांवर उठून दाराकडे बघत राहायची. विचारलं की म्हणायची, "न्हाई मिटत बाई."

"का नाही मिटत?"

"न्हाई मिटत."

एका रविवारी माझी मुलगी घरी आली होती. ती नांदेडला बँकेत असते. तिला एक खोड आहे. कुठूनही निघताना झोपलेल्या माणसाला उठवून सांगितल्याशिवाय ती निघत नाही. त्या दुपारी मला कधी नव्हे ती गाढ झोप लागली होती, आणि हिने खांदा धरून हलवलं. "मम्मी, ऊठ. मी निघाले."

"मग जा की," मी करवादले. "सांगायला झोपमोड कशाला पाहिजे? इतकी मोठी झालीस, अक्कल कधी यायची?"  तिने बॅग उचलली, अप्पांच्या पाया पडली आणि गेली. मला परत झोप आली नाही, आणि ती चिडचिड घेऊनच मी सोमवारी शाळेत गेले.

शवासन सुरू झालं. ती मुलगी नेहमीसारखी उठून बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा वर्ग ऐकतो आणि ही वीतभर पोरगी ऐकत नाही म्हणजे काय? मी तिच्याजवळ बसले, तिला आडवी केली आणि माझा हात तिच्या डोळ्यांवर दाबून धरला. "आता मिटतात का नाही बघू," असं म्हणालेसुद्धा. आज ते वाक्य लिहितानाही लाज वाटते.

ती आधी ताठ झाली, मग पाय झाडायला लागली. मग माझा हात खाली ओढून तिने अंगठ्याखाली इतक्या जोरात चावा घेतला की रक्त आलं.

वर्ग उठून बसला. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि मी तिला मारणार म्हणून तिने तोंडासमोर दोन्ही हात धरले होते. माझा हात खरोखरच उगारलेला होता. तो खाली घेताना मला माझीच भीती वाटली.

मी हात पदराखाली घेतला आणि मुलांना म्हणाले, "काही झालं नाही. झोपा." सर व्हरांड्यातून डोकावले तेव्हाही तेच सांगितलं. अजून एक तक्रार पुरे होती, आणि ती मी करणार नव्हते.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आजी दारात शेंगा फोडत बसली होती. माझा हात बघून तिने कपाळाला हात लावला.

"काय करू बाई, पोरगी लई बिघडली. आधी अशी न्हवती. मायबाप हैदराबादला बांधकामावर गेले न्हवं. ही मायचा गळा सोडंना. मग मीच म्हणले, झोपू द्या, झोपली की निघा. दुपारची झोपली व्हती. उठून बघती तर माय न्हाई. तवापसनं डोळा लागंना तिचा. लागला तरी मधीच उठून माझं लुगडं धरून बसती."

आजीने माझ्यासमोर शेंगांचं सूप सरकवलं. मला एकही शेंग फोडता आली नाही. 

कारण हे मी केलेलं होतं. माझी पहिली नेमणूक देवणी तालुक्यातल्या एका गावात झाली. नवऱ्याचं आणि अप्पांचं धान्याचं दुकान लातुरात, सासूबाई तेव्हा आजारी. मुलगी चार वर्षांची. तिला मी नांदेडला माझ्या आईकडे ठेवलं आणि दर रविवारी भेटायला जायला लागले. दुपारी जेवण झालं की आई तिला थोपटायची आणि मला खुणेने सांगायची, झोपली, निघ आता. मी चपला हातात घ्यायची. फरशीवर आवाज नको म्हणून अनवाणी फाटकापर्यंत जायची आणि रस्त्यावर गेल्यावर चपला घालायची. एकदा दारातच एक चप्पल हातातून निसटून पडली. मी श्वास धरून उभी राहिले. आतून काही आवाज आला नाही. पोरगी गाढ झोपली आहे म्हणून मी देवाचे आभार मानले आणि उदगीरची बस पकडली. दोन वर्षं हे चाललं. मुलीला त्रास नको म्हणून आपण किती काळजी घेतो, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन अप्पांच्या खोलीत गेले. ते पूजेला बसले होते. आम्ही लिंगायत. अप्पा अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि हात छातीसमोर धरून त्याच्याकडे बघत बसतात. लग्न झाल्यापासून रोज बघितलेली गोष्ट. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे उघडे असतात.

पूजा आटोपल्यावर मी विचारलं, "अप्पा, डोळे मिटून नाही का बसत तुम्ही?"

"मिटले की मन दुकानात जातंय," ते म्हणाले. "उघडे ठेवले तरी जातंयच. पण मन गेलं की हात हालतोय, मग कळतंय. परत यायचं."

मी त्यांना त्या मुलीचं सगळं सांगितलं, माझ्या हाताने मी काय केलं ते सोडून. आणि भीत भीत विचारलं, वर्गातल्या मुलांच्या हातावर असंच काहीतरी ठेवून त्यांना बसवलं तर चालेल का. त्यांच्या पूजेची नक्कल केल्यासारखं त्यांना वाटू नये, एवढंच मला हवं होतं. अप्पांनी चहा संपवला, दुकानात गेले आणि पिशवीभर हरभरे घेऊन आले. "देव ज्याचा त्याच्यापाशी. लेकरांच्या हातावर हरभरा चांगला. झाल्यावर खाऊ दे, म्हणजे बसतील."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात शवासन ज्याला हवं त्याला, आणि ज्याला नको त्याच्यासाठी हरभरा. हरभरा तळहातावर ठेवायचा, हात छातीसमोर धरायचा, बघत बसायचं, श्वास सावकाश. पडला तर उचलून परत ठेवायचा. पहिल्या दिवशी त्या मुलीने हरभरा सरळ तोंडात टाकला. मी दुसरा दिला. तोही खाल्ला. तिसरा देताना मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि माझ्याही हातावर एक ठेवला. तिने आधी माझ्या हाताची पट्टी बघितली, मग माझा हरभरा बघितला. तो चांगलाच हलत होता. वर्गात सगळ्यात जास्त माझाच हलत होता.

"बाई, तुमचा हालायलाय," ती म्हणाली.

"हलू दे. मला राग लवकर येतो ना."

तिला ते नवीन असावं. तिने स्वतःचा हात समोर धरला आणि बराच वेळ बघत बसली.

ती लगेच सुधारली वगैरे काही नाही. त्याच आठवड्यात तिने एकीची वही फाडली. पण काही दिवसांनी मधल्या सुट्टीत उड्या मारायच्या दोरीवरून भांडण पेटलं, तेव्हा ती कुणाला न चावता धावत माझ्याकडे आली. फ्रॉकच्या खिशातून हरभरा काढून हातावर ठेवलेला, ओठ घट्ट आवळलेले. "बाई, लई हालायलाय." मी तिला मांडीशी घेतलं आणि दोघी तो थांबेपर्यंत बघत बसलो. वेळ लागला. सरांनी व्हरांड्यातून ते पाहिलं, आणि निवासी शाळेचा विषय त्यानंतर काढला नाही.

नागपंचमीला तिची आई तीन दिवस आली. जायच्या दिवशी मी तिला शाळेत बोलावून घेतलं. पंचवीस-सव्वीसची पोर, हातांना सिमेंटच्या चिरा. मी म्हणाले, "यावेळी लेकरू जागं असताना निघ."

"धाय मोकलून रडंल की बाई. मला न्हाई बघवत."

"रडू दे. तू गेलीस एवढं तरी तिला कळेल. झोपेत सोडून गेलीस तर तिला रोज पहारा द्यावा लागतो."

मी हे जरा जास्तच कडक आवाजात बोलले, कारण ते मी तिला एकटीला बोलत नव्हते. ती बाई ऐकून घेऊन माझ्या पाया पडायला लागली, मी पडू दिलं नाही.

दुपारी फाट्यावर जीप आली. मुलगी रडली, आणि कशी रडली. आईच्या लुगड्याचा पदर सोडेना, मातीत लोळली. आईने तिला उचलून घेतलं, "दिवाळीला येते, आता चालले," असं तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं आणि रडत रडत जीपमध्ये बसली. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी पोरीशेजारी मातीत उभी होते आणि आपण चुकीचं तर सांगितलं नाही ना, अशी भीती मला वाटत होती. तासाभराने ती वर्गात आली. तोंड मातीने माखलेलं, नाक वाहत होतं. सतरंजीवर बसली आणि माझ्यापुढे हात केला. "हरभरा द्या."

महिन्याभराने कधीतरी शवासनात तिने एक डोळा मिटला. दुसरा दारावर होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतरच्या रविवारी माझी मुलगी आली. जेवण झालं, पण मी आडवी झाले नाही. ती बॅग भरून बाहेर आली आणि मला बसलेली बघून थांबली. "आज झोपली नाहीस?"

"नाही. तुला मला उठवायला लागू नये म्हणून." मग मी तिला सगळं सांगितलं. ती मुलगी, तिची आई, जीप. आणि इतक्या वर्षांत कधी बोलले नव्हते ते नांदेडचंही सांगितलं, की तू झोपलीस की मी चपला हातात घेऊन निघायचे.

ती माझ्याशेजारी बसली. "मला माहिताय. मी झोपलेली नसायचे."

मी तिच्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली.

"आज्जी म्हणायची, तू रडलीस तर आई पुढच्या रविवारी येणार नाही. मग मी डोळे मिटून पडायचे. घट्ट." ती थोडी हसली. "एकदा तुझी चप्पल पडली होती दारात. तू थांबलीस. मला वाटलं, आता वळून बघशील. बघितलं असतंस तर डोळे उघडायचे, असं ठरवलं होतं मी."

मी वळून बघितलं नव्हतं. ते तिलाही माहीत होतं, मलाही. मी तिची माफी मागितली, जी वीस वर्षं आधी मागायला हवी होती. मग चपला पायात घातल्या आणि तिला बसस्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागलेली होती. ती खिडकीत बसली, मी खाली उभी, आणि गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत मनसोक्त रडलो.