गाळ न काढलेलं तळं

तळवड्याच्या अलीकडे आमच्या वस्तीचं एक तळं होतं. चैत्रात पाणी मध्यापर्यंत आटलं की घरटी एक माणूस खोरं-घमेलं घेऊन उतरायचा आणि उघडा पडलेला काळा गाळ गाडीत भरून आपल्या वावरात टाकायचा. त्या गाळावर बाजरी जोमात यायची.

त्या सुमारास पिंपरीला कारखाना निघाला. तरणे गडी सायकलींवरून तिकडे जाऊ लागले, आमचे हेही गेले. त्या चैत्रात आम्ही बायकांनी कडेचा थोडा गाळ डोक्यावरून वाहिला. पुढच्या वर्षी तेवढाही निघाला नाही.

मग तळं हिरवं व्हायला लागलं. आधी कडेला, नंतर साऱ्या पाण्यावर साय धरावी तसं. आम्हाला प्यायला विहीर होती, पण तिचा तळ दिसत होता. म्हशीला तळ्याशिवाय पाणी नव्हतं. म्हैस एकच, नुकती व्यालेली. माझं दूध आटलं होतं आणि माझी तान्ही मुलगी त्या म्हशीच्याच दुधावर होती.

"म्हशी घाला आत," सासरे म्हणाले. "खळबळ झाली की शेवाळ फुटतंय."

"मग तुमी बी उतरा की, आबा. तेवढीच आंघोळ हुईल," शेजारच्या भाऊजींनी टोमणा मारला.

सगळ्यांनी जनावरं आत घातली. ती दिवसभर लोळली. तळाचा गाळ वर आला, पाणी काळं झालं, बुडबुडे फुटून नाक धरावं असा वास सुटला. गाळ पुन्हा खाली बसला आणि हिरवं आधीपेक्षा दाट आलं.

सासूबाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "बाजरीचं खत पाण्यालाच लागलं गं. आता ह्येच पीक यायचं."

त्याच आठवड्यात शेजारची गाय ते पाणी पिऊन आली आणि पाय ताणून पडली. उठलीच नाही. तेव्हापासून मी मुलीला सासूबाईंकडे देऊन इंद्रायणीवरून हंडे आणू लागले. म्हैस एका दमात हंडा संपवायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

एका दुपारी तिनं खुंटा उपटला. मी दावं हाताला गुंडाळून मागे ओढलं, पाय मातीत रोवले. ती मला फरफटत घेऊन निघाली. सासूबाई धावत आल्या, त्यांनीही दावं धरलं.

"थांब गं बाई, थांब," त्या म्हणत होत्या. म्हशीला काय कळणार! ती गळ्यापर्यंत आत शिरली आणि पोटभर प्यायली. आम्ही दोघी काठावर दावं धरून नुसत्या उभ्या.

दिवस मावळायच्या आत तिनं रवंथ सोडला. कासेला हात लावला तर दूध उतरेना. आत मुलगी रडत होती.

हे कामावरून आले, सायकल भिंतीला लावली. "म्हशीला पाणी पाजलं का?"

"तिनंच पिलं," मी म्हणाले.

ते गोठ्यात येऊन माझ्याशेजारी बसले. घरात सासूबाई साखरेच्या पाण्यात फडकं बुडवून मुलीच्या तोंडात धरत होत्या.